चमच्याचा दांडा

माझी नणंद सकाळी साडेनऊला गॅरेजचं शटर वर करते आणि साडेबाराला खाली ओढते. मधल्या तीन तासांत तिला कुणाचा फोन आला तर ती घरात नाही असं मी बेधडक सांगते. लेथ, म्हणजे तिचं कातायचं यंत्र, चालू असताना ती कुठेच नसते, त्यामुळे मला ते खोटं वाटत नाही.

तिला मी वन्सं म्हणते. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. लग्न होऊन या घरात आले तेव्हा निव्वळ चेष्टा म्हणून मी हे जुनं संबोधन उकरून काढलं होतं. चेष्टा शिळी झाली, नाव चिकटलं. आता मी 'वन्सं, तू' म्हणते आणि ती 'वहिनी, तू' म्हणते. चाळीस वर्षं आम्ही एका छपराखाली भांडतो आहोत आणि अजून विषय संपलेले नाहीत.

तिनं लग्न केलं नाही. का, ते मला विचारू नका. मी एकदाच विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "वेळ कुठे होता?" वेळ भरपूर होता, पण तिला द्यायचा नव्हता. नोकरी होती यंत्रांच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसमध्ये. वरच्या मजल्यावर तिरप्या टेबलापाशी उभं राहून तिनं चौतीस वर्षं कागदावर शाफ्ट काढले, बुश काढले, चकत्या काढल्या. कंपास, पट्टी, टोकदार पेन्सिल. खालच्या मजल्यावर टर्नर लोक तिच्या कागदाबरहुकूम धातू कातायचे. ती खाली जायची नाही. जायचं कारणच नव्हतं.

मग एका दुपारी तिथला फोरमन जिना चढून वर आला आणि त्यानं एक पितळी बुश, बोटभर लांबीची पोकळ नळी, तिच्या टेबलावर ठेवला.

"बाई, हा तुमचा. कागदावर तुम्हाला कसा दिसतो कुणास ठाऊक. हातात असा लागतो."

वन्सं सांगते, त्या बुशला अजून ऊब होती. नुकताच कातून निघालेला. तो तिनं मुठीत धरला आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती डबा खाली घेऊन जायला लागली. लेथवर कुणी काम करत असेल तर त्याच्या मागे उभी राहून जेवायची. लोक हसले असणार. हसणाऱ्यांकडे लक्ष द्यायचं नाही हा गुण मात्र तिच्यात जन्मजात आहे.

निवृत्त झाली तेव्हा कारखान्यानं निरोपाची भेट काय हवी म्हणून विचारलं. बाकीचे लोक घड्याळ मागतात. हिनं शिकाऊ लोकांच्या शेडमधला जुना लेथ मागितला, जो तसाही भंगारात जाणार होता. फोरमननं शिकवायचं कबूल केलं, पण एक अट घातली. "वेणी कापून या. फिरत्या चकमध्ये केस गेले तर केसांबरोबर डोकंही जातं." अठ्ठावन्नाव्या वर्षी कमरेपर्यंतची वेणी कापून ती घरी आली. मी दार उघडलं आणि क्षणभर मला वाटलं, कुणी मीटर बघायला आलं आहे.

लेथ आला, आणि आमची गाडी गॅरेजमधून रस्त्यावर गेली ती आजतागायत रस्त्यावरच आहे.

त्यानंतरच्या बारा वर्षांत घरात काय काय आलं ते सांगत बसले तर वेळ पुरणार नाही. दारांच्या मुठी. पडद्याच्या दांड्यांची टोकं. दिव्याचे खांब. मिठाच्या डब्या, पेनं, भोवरे, मेणबत्त्यांची घरं. आम्ही मेणबत्त्या लावत नाही. लाकडाला पितळेची कड आणि पितळेला लाकडाची मूठ हा तिचा खास छंद. दोन्हींच्या सांध्यावरून नख फिरवलं तर अडकता कामा नये. अडकलं की वस्तू पुन्हा लेथवर. वस्तू पुरी झाली की घड्याळासारखं एक मोजमापाचं यंत्र त्या वस्तूच्या अंगाला टेकवून ती हळूहळू फिरवायची आणि काटा हलतो का, म्हणजे गोलाईत कुठे खोट आहे का, ते बघायची. काटा हलला नाही की तोंडावर जे समाधान यायचं, ते मी तिच्या तोंडावर दुसऱ्या कुठल्याही प्रसंगी पाहिलेलं नाही. मी फक्त झाडून काढत असे. पितळेचा कीस पायात घुसला की दोन दिवस ठणकतो.

आता माझ्या नवऱ्याबद्दल. त्यांना सगळी गल्ली हेडमास्तर म्हणते, आणि रागावले की मीही म्हणते. शाळेत त्यांचा दरारा होता, पण खरा दरारा जेवणाच्या टेबलावर. सूप पिताना आवाज नको, कोपर टेबलावर नको, तोंडात घास असताना बोलणं नको. आमचा मुलगा परदेशी गेला तो शिक्षणासाठी, असं आम्ही सांगतो. मला वाटतं, तो मोकळेपणानं जेवायला गेला.

तर अशा माणसाचा उजवा हात थरथरायला लागला. आधी पेपर धरताना. मग कपबशी वाजायला लागली. मग चमचा. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी निम्मं कमी होईल, उरलेलं राहील. गोळ्यांनी निम्मंही कमी झालं नाही. डावा हात बरा होता म्हणावं, तर त्यानं त्यांना दाराची कडीसुद्धा धड लावता येत नाही.

एका संध्याकाळी त्यांच्या चमच्यातले मटार टेबलभर उडाले. एक माझ्या चष्म्यावर आला. मी हसले. हसायला नको होतं, पण आलं हसू. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, "उद्यापासून माझं ताट खोलीत."

खोलीत म्हणजे दार लावून. ताट मी आत ठेवायचं, बाहेर यायचं आणि अर्ध्या तासानं न्यायचं. ताटात जवळजवळ सगळं तसंच असायचं, थोडं चादरीवर. दोन महिन्यांत सहा किलो वजन गेलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, असंच चाललं तर कुणीतरी भरवायला हवं.

मी त्या संध्याकाळी वाटी घेऊन त्यांच्या पलंगावर बसले.

"अहो, तोंड उघडा."

"वाटी खाली ठेव."

"लहान मुलासारखं करू नका."

"लहान मुलासारखं तूच करतेस मला," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "नीट ऐक. ज्या दिवशी तू मला भरवशील, त्या दिवसापासून मी जेवणार नाही. एवढंच."

या माणसानं चाळीस वर्षांत दिलेली कुठलीही धमकी पोकळ निघालेली नाही. मी वाटी घेऊन बाहेर आले. वन्सं दाराबाहेर उभी होती. सगळं ऐकलं होतं.

"दादाच्या हाताचं माप घ्यायला हवं," ती म्हणाली.

"डोंबल माप! वजन घटतंय त्यांचं."

"तेच म्हणते. हात हलका पडतोय त्याचा."

तिचं गणित असं होतं. हलकी वस्तू थरथरत्या हातात जास्त उडते. वजनदार वस्तू हाताला खाली दाबून धरते. चमच्याला जड आणि जाड दांडा करायचा. आत पितळेचा गज, बाहेर लाकूड. हे तिनं कुठे वाचलं होतं की स्वतःच शोधलं, मला माहीत नाही. फिजिक्सची पदवी माझी, पण हे मला सुचलं नव्हतं, असं कबूल करते.

दुसऱ्या दिवशी ती व्हर्नियर घेऊन त्यांच्या खोलीत गेली. मी दारातून बघत होते.

"दादा, मूठ मिट. आता उघड. अर्धी मिट."

"बारके, मी काय बुश आहे?" ते लहानपणापासून तिला बारके म्हणतात. ती आता त्यांच्याहून जाड आहे.

"बुश गप्प बसतो. अंगठा इकडे."

जुन्या पलंगाचा एक पाय माळ्यावर पडून होता, त्यातून तिनं लाकूड काढलं. पहिला दांडा चार दिवसांत झाला. नव्वद ग्रॅम. माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, आणि काट्यावर लाकडाचा भुगा ठेवून गेली. स्टीलच्या चमच्याची शेपटी कापून पितळेत बसवलेली, वरून मधाच्या रंगाचं लाकूड. दागिनाच म्हणायचा.

तो घेऊन ती खोलीत गेली. दार लागलं. दहा मिनिटांनी बाहेर आली ती चमचा पुसतच.

"काय झालं?"

"चमचा उलटला. वजन कमी पडतंय."

दुसरा दीडशे ग्रॅमचा. उलटला. तिसरा सव्वादोनशे ग्रॅमचा, तो मी उचलला तेव्हा माझंच मनगट दुखलं. तोही उलटला. हात आता पूर्वीइतका उडत नव्हता, हे वन्संनं शपथेवर सांगितलं. पण तोंडाशी नेईपर्यंत चमचा हातातल्या हातात फिरायचा आणि सूप शर्टावर. तिसऱ्यानंतर हेडमास्तर म्हणाले, "पुरे आता," आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

वन्संनं आणखी काम केलं. चूक कुठे आहे ते शोधायला तिनं दांडा लेथवर चढवला, ते काट्याचं यंत्र लावलं, आणि तिला कुठेतरी केसभर फरक सापडला. तो काढला. बारीक पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग मेण. चौथा दांडा इतका गुळगुळीत झाला की त्यात खिडकी दिसायची. पाचवा त्याहून सरस. ती रात्री जेवताना पाचव्याकडे बघत होती. तिसरी खुर्ची रिकामी होती आणि आम्ही दोघी तिच्याकडे न बघता जेवत होतो.

तो पाचवा चमचा मीच धुवायला घेतला. साबणाचा हात, दांडा तळहातात गरकन फिरला आणि सिंकमध्ये पडला. उचलून ओट्यावर ठेवला. घरंगळला आणि जमिनीवर पडला. पुन्हा उचलला, मुठीत धरला, आणि डोळे मिटून चमच्याचा खोलगट भाग वर आहे की खाली ते ओळखायचा प्रयत्न केला. काही कळेना. माझा हात थरथरत नाही, तरी मला कळेना.

मी तशीच ओल्या हातानं गॅरेजमध्ये गेले. साडेबारा वाजायचे होते. शटरच्या आत बोलायचं नाही हा नियम मी मोडला.

"वन्सं, हे गोल आहे!"

तिनं मोटर बंद केली. "मग? लेथवर चौकोनी निघतं का?"

"अगं, गोल आहे म्हणून फिरतंय. धरायला बाजूच नाही त्याला. बोटांना कळणार कसं, वर कुठलं नि खाली कुठलं?"

"त्याचा हात हलतो म्हणून फिरतंय."

"तुझा हातोडा दे इकडे."

"का?"

"दे म्हणते ना."

तिच्या पाठीमागे भिंतीवर हातोडा टांगलेला होता. मी तो काढून तिच्या हातात दिला. "दांडा बघ. गोल आहे? माझी सुरी बघ, गोल आहे? कुऱ्हाड, कंगवा, दाढीचा वस्तरा, एक तरी गोल आहे? जगात ज्याला वर आणि खाली आहे त्याचा दांडा गोल कुणी करत नाही. फक्त तू करतेस, कारण तुझं यंत्र गोल फिरतं."

ती हातोड्याकडे बघत राहिली. बारा वर्षं रोज हातात घेतलेला हातोडा. अंगठा त्याच्या चपट्या बाजूवरून वर गेला, खाली आला.

"मग कानस घे," मी म्हटलं, "आणि दोन्ही बाजूंनी घास. पाच मिनिटांचं काम आहे."

हे बोलायला नको होतं. तिचा चेहरा असा झाला जणू मी तिच्या अंगावर कानस घेऊन गेले होते. तिनं पाचवा दांडा माझ्या हातातून घेतला, फडक्यात गुंडाळला, खणात ठेवला आणि शटर ओढलं. बाराला पाच मिनिटं असताना.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिला काय लागलं ते मला समजत होतं. आयुष्यभर ती एकाच गोष्टीमागे होती, की वस्तू बिनचूक गोल निघाली पाहिजे. ती गोष्ट अखेर तिच्या हाताला साधली होती, आणि तिच्याच भावाच्या तोंडचा घास त्या गोलाईपायी सांडत होता. मी मात्र घाईत होते. माझ्या घरात एक माणूस वाळत चालला होता. दुसऱ्या दिवशी मी कानस शोधायला गॅरेजमध्ये गेलेसुद्धा. कानस सापडली नाही. तिनं लपवली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोनवर तिचा आवाज ऐकू आला. फोरमनशी बोलत होती. तो आता ऐंशी पार केलेला, कानानं अधू, त्यामुळे वन्सं ओरडत होती आणि गल्लीला फुकट शिकवणी मिळत होती.

"लंबगोल! लं-ब-गो-ल! हो, लेथवरच! नाही, कानस नको, हातानं दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत!"

थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "हसताय काय? सांगा!"

त्यानं सांगितलं ते असं. लाकडाच्या टोकाला जो खरा मध्यबिंदू असतो, त्यावर लाकूड चढवायचंच नाही. त्याच्या एका बाजूला थोडं सरकून खूण करायची आणि तिथे चढवायचं. मग एकच बाजू कातली जाते. नंतर मध्यबिंदूच्या दुसऱ्या बाजूला तेवढंच सरकायचं आणि उरलेली बाजू कातायची. दोन चुकीचे मध्य मिळून एक चपटा दांडा होतो. म्हणजे बारा वर्षं जी चूक होऊ नये म्हणून ती जिवाचा आटापिटा करत होती, ती आता मापून, मुद्दाम करायची.

त्या दिवशी तिनं मला गॅरेजमध्ये उभं राहू दिलं. बोलली नाही, पण स्टूल पुढे सरकवलं. लाकूड फिरायला लागलं तेव्हा ते एक दिसेना, दोन दिसायला लागलं. मध्ये गडद, भरीव, आणि भोवती धुकं असावं तशी फिकट सावली. त्या सावलीत कातायचं टूल घालायचं. लाकूड एका फेरीत एकदाच टूलला लागतं, म्हणून नेहमीचा सळसळता आवाज नाही, नुसती टकटक. आणि सबंध लेथ थरथरायला लागला. मुठी खडखडायला लागल्या, फळीवरचे डबे सरकले. वन्संनं वेग कमी केला, पाय रुंद टाकले, टूल दोन्ही हातांनी धरून अंगाशी घेतलं आणि थांबली. थरथर जायची वाट बघत होती असं मला आधी वाटलं. ती जाणार नव्हती, हे तिलाही माहीत होतं. ती तिचा ताल धरत होती. मग हळूच टूल पुढे नेलं.

दोन लाकडं फुटली. एक तुकडा शटरला जाऊन आदळला आणि मी देवाचं नाव घेतलं, जे मी सहसा घेत नाही. तिसऱ्या लाकडाचा दांडा झाला. वरून खालून चपटा, कडा मऊ, मुठीत घेतला की अंगठा आपणहून वरच्या बाजूवर जाऊन बसतो. आत दीडशे ग्रॅम पितळ. पॉलिश तिनं केलं नाही. "हाताला धरायला काहीतरी लागू दे," म्हणाली. काट्याचं यंत्रही लावलं नाही.

मी म्हटलं, "दे, नेऊन देते खोलीत."

"खोलीत नाही जाणार हा."

"म्हणजे?"

"टेबलावर ठेवलाय. दादाच्या जागी. हवा असेल त्यानं यावं."

"आणि नाही आले तर? उपाशी मारतेस का भावाला?"

"तू ताट नेत जा की. साध्या चमच्याबरोबर." आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की हेडमास्तरांची बहीण शोभावी.

पहिल्या संध्याकाळी ते आले नाहीत. दुसऱ्याही नाही. चमचा त्यांच्या जागी पडून होता आणि मी मनातल्या मनात वन्संला जे काही म्हटलं ते इथे लिहीत नाही. तिसऱ्या संध्याकाळी मी ताट न्यायला उठणार तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. अंगावर इस्त्रीचा शर्ट.

"मीठ नव्हतं काल सूपमध्ये," ते दारातूनच म्हणाले.

मीठ होतं. मी मिठाची डबी त्यांच्या जागेपाशी सरकवली. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, रुमाल मांडीवर घेतला, आणि बराच वेळ चमच्याकडे बघत राहिले. मग उचलला. आम्ही दोघी आपापल्या वाट्यांत बघत होतो. काचेचा आवाज आला, वाटीच्या कडेला चमचा दोनदा आपटला. मी नजर वर केली नाही. मग सूप पिण्याचा आवाज आला, चांगला मोठा, सुर्रकन. आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं टेबलावर सूपचा आवाज केला.

दुसरा चमचा. तिसरा. थोडं टेबलावर सांडलं, थोडं कॉलरवर. चमचा मात्र उलटला नाही.

अर्धी वाटी झाल्यावर ते म्हणाले, "लांब झालाय, बारके. मागचं टोक मनगटाला लागतंय."

वन्सं ताडकन उठली. तिच्या शर्टाच्या खिशात पेन्सिल कायम असते. ती त्यांच्या बाजूला जाऊन वाकली. "कुठे लागतंय? तसाच धरून ठेव. खूण करते. अं, हात हलवू नकोस ना, दादा!"

बोलून गेली आणि तिथेच थिजली. पेन्सिल हवेत. मी चमचा तोंडात धरून बसले होते.

हेडमास्तरांनी आपल्या हाताकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तेवढं जमलं असतं," ते म्हणाले, "तर तुझ्या लेथपायी माझी गाडी बारा वर्षं रस्त्यावर का ठेवली असती मी?"

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. गाडी बाहेर गेली तेव्हा त्यांचा हात ठणठणीत होता. पण ते हसायला लागले, तोंडात सूप असताना, आणि ते सगळं बाहेर आलं, आणि वन्सं खुर्चीची पाठ धरून हसत खाली बसली. मी फडकं आणायला उठले. परत आले तेव्हा तिनं खूण करून घेतली होती. रेघ वेडीवाकडी होती, सापासारखी.

"कुठे कापू?" तिनं विचारलं.

"रेघेच्या मधोमध," ते म्हणाले आणि वाटी माझ्याकडे सरकवली. "अजून आहे का?"